छद्मी हसणे : मूळ अर्थ आणि वापर

‘छद्मी हसणे’ म्हणजे तुच्छतेने हसणे, असा अर्थ हल्ली सरसकट धरला जातो. मला तो अपुरा वाटतो.

शब्दाचं मूळ संस्कृत ‘छद्’ धातूत आहे. छद् म्हणजे झाकणे. छत्र, आच्छादन हे त्याच घरचे. ‘कृ’पासून कर्मन् किंवा ‘जन्’पासून जन्मन् होतो, तसा छद्‌पासून छद्मन् झाला. ज्याने झाकलं जातं, ते छद्म. पुढे झाकण्यामागचा हेतूच त्याच्या अर्थात शिरला. अमरकोश या जुन्या संस्कृत समानार्थी कोशात तो कपट, व्याज (म्हणजे बहाणा), दंभ, कैतव (लबाडी) यांच्या पंगतीला बसलेला दिसतो.

म्हणजे मुळात त्यात हसूही नाही आणि तिरस्कारही नाही. जैन परंपरेत तर ज्याच्या ज्ञानावर अजून कर्माचं आवरण आहे, ज्याला केवलज्ञान म्हणजे पूर्ण ज्ञान झालेलं नाही, तो ‘छद्मस्थ’. दीक्षा घेतल्यापासून केवलज्ञान होईपर्यंतच्या महावीरांच्या 12 वर्षांहून अधिक काळाला छद्मस्थकाळच म्हणतात. तिथे लबाडीचा वाससुद्धा नाही. अर्धमागधी या प्राकृत भाषेत याचंच रूप ‘छउमत्थ’. पद्मचं पउम झालं, तसं छद्मचं छउम. मराठीत मात्र ‘द्म’ शाबूत आहे, त्यामुळे हा शब्द प्राकृतातून झिजत आलेला नसून सरळ संस्कृतातून उचललेला आहे, हे माझं ठाम मत. हिंदीत छद्मनाम, छद्मवेश असे शब्द चालतात. आपल्याकडे त्याची गट्टी जमली ती हसण्याशी.

आता वापर. उपहास समोरच्याला कळावा म्हणूनच केलेला असतो. छद्मी हसणारा मात्र मनातलं झाकू पाहतो : ओठ मिटलेले, एक कोपरा किंचित वर, नजर भलतीकडे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत. त्यातल्या ‘उपहसिता’त नाकपुड्या फुललेल्या आणि दृष्टी वाकडी असते. चित्र बरंच जवळचं, पण भरताने ते मध्यम प्रकृतीच्या, म्हणजे ना उत्तम ना अधम अशा पात्रांना दिलंय. तिरस्काराची अट त्या श्लोकात नाही.

म्हणून ‘तो गडगडाट करत छद्मी हसला’ असं वाचलं की फार खटकतं. गडगडाटात काय झाकणार? तिथे विकट किंवा राक्षसी म्हणावं. ‘“वा, फारच छान झालं हो तुमचं भाषण,” असं म्हणून ते छद्मी हसले’ हे मात्र अगदी चपखल, कारण तोंडावर कौतुक आहे आणि कुत्सितपणा त्याच्याआड.