जनता वसाहतीतील संगणक वर्ग : सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न
नमस्कार. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत आम्ही काही जण महिलांसाठी मोफत संगणक वर्ग सुरू करत आहोत. एका कार्यालयाने वापरातून काढलेले आठ संगणक दिले असून त्यांत ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. येणाऱ्या बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या आहेत. त्यांना मराठी वाचता-लिहिता येते, इंग्रजी येत नाही. ही यंत्रे चालतील का, आणि आधी काय शिकवावे?

उत्तर १
यंत्रे चालतील, पण विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे तिच्या जागी लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, म्हणजे जुन्या यंत्रांवरही चालणारी हलकी, मोफत कार्यप्रणाली, बसवावी. हार्ड डिस्क बदलून एसएसडी (माहिती साठवणारी अधिक वेगवान डिस्क) घातल्यास वेगातील फरक लगेच जाणवतो. कार्यालयाची जुनी माहिती मात्र आधी पूर्ण पुसून घ्यावी.

उत्तर २
येरवड्यात असा वर्ग घेताना आम्ही रोमन अक्षरांतून मराठी टंकलेखन शिकवू लागलो, आणि ती आमची मोठी चूक ठरली, कारण ज्यांना इंग्रजी अक्षरेच ओळखू येत नाहीत त्यांच्यावर आपण दोन लिप्यांचे ओझे टाकत होतो. त्याऐवजी इनस्क्रिप्ट शिकवा. या देवनागरी कळफलकात काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात; ‘क’च्याच कळीवर शिफ्ट धरले की ‘ख’ उमटतो. बाराखडी पाठ असलेल्या बाईला ही रचना चटकन उमगते. आमच्याकडच्या एका मावशींना ‘लक्ष्मी’ लिहिताना अक्षराचा पाय मोडण्याची कळ सापडेना. ती सापडून ‘क्ष’ जुळला तेव्हा त्यांनी तो शब्द पुसून पुन्हा तीनदा लिहिला. कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावा, आणि पहिल्या दिवशी फक्त स्वतःचे नाव लिहू द्या. त्यानंतर असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी किंवा मुलांचे आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालील) प्रवेश अर्ज यांसारखी त्यांची खरी कामे घ्यावीत. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचा विचार पुढे करता येईल.

उत्तर ३
वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. सकाळची आणि संध्याकाळची कामे सांभाळणाऱ्यांना दुपारचीच उसंत मिळते, आणि लहान मुलांना सोबत आणण्याची मुभा नसेल तर निम्म्या जणी येणारच नाहीत.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. आम्ही सायंकाळी सातची वेळ ठरवली होती. ती बदलून दुपारी दोनची करत आहोत, आणि मुलांसाठी शेजारी सतरंजी अंथरू.