जुनी डी अँड डी: १९८१ ची बेसिक की १९८९ ची दुसरी आवृत्ती?

तळघरकर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांचा विषय निघाला की गाडी थॅकोवर (वार लागायला फाशावर किती हवेत ते काढायच्या आकड्यावर) येते आणि तिथेच रुतून बसते. थॅको वाईट, एसी (बचावाचा आकडा) उलटा, म्हणजे लहान तितका चांगला, वगैरे वगैरे. माझ्या मते हे सगळं वरवरचं आहे. १९८१ ची बेसिक-एक्स्पर्ट जोडी आणि १९८९ ची अॅडव्हान्स्ड दुसरी आवृत्ती यांच्यातला खरा फरक एकच: एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, कशाचे मिळतात.

बेसिकमध्ये खजिन्यातलं सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी. गॉब्लिन (एक किरकोळ राक्षस) मारला तर पाच. फायटरला दुसरी लेव्हल गाठायला २००० लागतात. म्हणजे नुसत्या मारामारीवर जायचं तर माणशी चारशे गॉब्लिन! आणि हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्यावर आला की पात्र मेलं, विषय संपला. असे नियम असताना शहाणा खेळाडू तलवार उपसेल कशाला? तो लाच देईल, आडवाटेने जाईल, पेटी उचलून पळेल.

बाकीचे नियमही याच्याच बाजूने उभे आहेत. समोर सहा गॉब्लिन आहेत, त्यांचा मोराल (धीराचा आकडा) ७. पहिला पडला की डीएम (खेळ चालवणारा) दोन फासे टाकतो. बेरीज ७ च्या वर गेली की उरलेले धूम ठोकतात. त्याआधी समोरचा कसा वागेल हे ठरवणारा रिअॅक्शनचा फासा असतोच, त्यामुळे भेटलेला प्रत्येक जीव अंगावर धावून येतो असंही नाही. मशाल सहा टर्न चालते, एक टर्न दहा मिनिटांची, दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी फासा. वेळ वाया घालवला की किंमत मोजावी लागते. दोन्ही पुस्तिका ६४-६४ पानांच्या, आणि एकही नियम उगाच नाही.

दुसऱ्या आवृत्तीने सोन्याचे एक्सपी ऐच्छिक करून टाकले आणि कणाच काढून घेतला.

वीसबाजू

साफ असहमत. पहिली गोष्ट, सोनं काढलेलं नाही, डीएमच्या मर्जीवर सोडलंय. आणि हे केलं कोणी? ज्या डेव्हिड कुकने तुमची लाडकी एक्स्पर्ट लिहिली, तोच दुसऱ्या आवृत्तीचा मुख्य लेखक. त्याला बेसिक कळली नव्हती असं म्हणायचंय का?

सोन्यामागे एक्सपी ठेवले की सगळी पात्रं शेवटी चोरच होतात. धर्मगुरू थडगी उकरतोय, जादूगार नाणी मोजतोय. दुसऱ्या आवृत्तीत क्लासप्रमाणे (पात्राच्या पेशाप्रमाणे) वेगळं बक्षीस आहे. जादूगाराने अडचण सोडवायला मंत्र वापरला तर मंत्राच्या दर लेव्हलमागे ५०, चोराने आपलं कसब यशस्वीपणे वापरलं तर २००, आणि सोन्याचे दुप्पट एक्सपी फक्त चोराला. हेही ऐच्छिकच, पण ज्याचा जो स्वभाव त्याला त्याचं फळ मिळतं.

शिवाय त्या काळात जगं कसली आली बघा! डार्क सन (१९९१) घ्या. धातू दुर्मीळ, चलन भाजक्या मातीच्या नाण्यांचं. तिथे तुमचा सोन्याचा नियम लावून दाखवा. प्लेनस्केप या दुसऱ्या जगात तर अख्खी मोहीम एका वादविवादावर चालू शकते.

आणि चोराविषयी बोलायचं तर बेसिकमधला पहिल्या लेव्हलचा चोर १० टक्के सापळे काढतो आणि १० टक्के लपतो. त्याला सोबत नेतात तरी कशाला? दुसऱ्या आवृत्तीत ६० गुण हातात मिळतात, हवे तिथे टाका, एका कसबात ३० च्या वर नाही एवढंच बंधन.

तळघरकर

चोराला कड्यावर चढवा, चढायचे ८७ टक्के आहेत. बाकी त्याच्यासाठी मी भांडणार नाही.

पण दुसऱ्या आवृत्तीत उद्दिष्ट पूर्ण केल्याचे जे एक्सपी मिळतात, त्या कथेच्या बक्षिसाचा घोळ तुम्ही टाळताय. उद्दिष्ट कोण ठरवतं? डीएम. मग खेळाडू डीएमच्या मनात काय आहे हे ओळखत बसतात, कारण एक्सपी तिथे आहेत. सोन्याला मन नसतं. गुहेत जा, पडक्या बुरुजात जा, नाहीतर दोन्ही सोडून तिसरीकडेच जा. नाणं ते नाणं. त्या काळच्या अनेक मॉड्यूलांत (तयार मोहिमांच्या पुस्तिकांत) खेळाडूंना बोट धरून शेवटापर्यंत नेलं जायचं, ते काय उगाच?

जुनाट

दोघांच्या भांडणात अॅडव्हान्स्डची पहिली आवृत्ती कुठे गेली? १९७७ ला राक्षसांचं पुस्तक, ७८ ला खेळाडूंचं, ७९ ला डीएमचं. सोन्याचे एक्सपी तिथेही आहेत, वर आणखी एक खुबी आहे. जादूची तलवार सापडली की दोन वाटा: ठेवून घेतली तर थोडे एक्सपी, विकली तर मिळालेल्या सोन्याइतके. लेव्हल हवी की तलवार? यावरून टेबलावर जी जुंपते तिला तोड नाही.

लढाईचे नियम मात्र कोणी पुस्तकाबरहुकूम खेळत असेल तर त्याला माझा दंडवत. एक मिनिटाची फेरी, तिचे दहा सेगमेंट, शस्त्राचा वेग, शिवाय कोणतं शस्त्र कोणत्या एसीवर कसं चालतं याचा वेगळा तक्ता. वार लागला की नाही हे सांगणाऱ्या तक्त्यांचं पान डीएमपाशी, खेळाडूने विचारत बसायचं. कित्येक ठिकाणी लोक बेसिकची लढाई आणि पहिल्या आवृत्तीचे राक्षस अशी खिचडीच खेळायचे.

आणि दुसऱ्या आवृत्तीचा मला खरा राग यासाठी: खेळाडूंच्या पुस्तकातून असॅसिन आणि मंक हे क्लास, हाफ-ऑर्क ही जमात गायब, आणि डेमन-डेव्हिल यांची नावं बदलून टनारी आणि बाटेझू. खेळ सैतानी आहे या बाहेरच्या ओरड्याला घाबरून घरातली भुतं हाकलली.

नवखी

मी पाचव्या आवृत्तीवाली. थॅको कोणी दोन ओळींत सांगेल का?

वीसबाजू

तुझा थॅको १६, समोरच्याचा एसी ३. सोळातून तीन गेले, वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा वर हवेत. एसी उणे २ असेल तर १८. झालं.

नवखी

म्हणजे २००० साली तिसऱ्या आवृत्तीने तेच गणित उलटं करून बेरीज केली. कळलं.

पण मग मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. दुसरी आवृत्ती चाळली. वार करताना मोठा आकडा चांगला, इनिशिएटिव्हला (आधी कोणाची पाळी ते ठरवताना) लहान चांगला, चोराच्या टक्क्यांना लहान चांगला, सेव्हिंग थ्रोला (विष, जादू वगैरेंतून वाचायच्या फाशाला) पुन्हा मोठा. इनिशिएटिव्ह सोडलं तर तुमच्या बेसिकमध्येही असंच. वर बेसिकमध्ये एल्फ ही जमात हाच एक क्लास आणि दहाव्या लेव्हलला थांबायचं, हाफलिंग या बुटक्या जमातीने आठव्याला. का? एक्सपी कशाचे मिळतात हा प्रश्न खूप नंतरचा, आधी नवीन माणूस टेबलाशी टिकला पाहिजे.

तळघरकर

ताई, वजाबाकीमुळे कोणी उठून गेलं असेल, पण बेसिकमध्ये पात्र बनवायला फार वेळ लागत नाही. सहा गुण, क्लास, सोनं, सामान, चला. मेलं तर दुसरं. एल्फची मर्यादा असते कारण तो पहिल्याच लेव्हलपासून तलवारही चालवतो आणि मंत्रही. दुसऱ्या लेव्हलला त्याला ४००० लागतात ते त्यासाठीच. बाकी फाशांचा घोळ आहे, आणि तो माझ्या टेबलावर तसाच राहणार.

जुनाटरावांचा तलवार विकायचा नियम मात्र उचलतोय. बेसिकमध्ये जादूच्या वस्तूंना एक्सपीच नाहीत.

वीसबाजू

म्हणजे ऐच्छिक नियम घेतलात तर! दुसऱ्या आवृत्तीत स्वागत.