मदत हवी आहे : व्यवसायांना मालवाहू ताफा विजेवर आणायला कसे पटवावे?

वाटचाल :
नमस्कार. व्यवसायांनी डिझेलच्या गाड्या सोडून विजेवरच्या गाड्या घ्याव्यात, यासाठी आमचा लहानसा गट मालकांच्या भेटी घेतो. गेल्या आठ महिन्यांत आम्ही पाच व्यवसायांना भेटलो आणि इंधनातील बचत, देखभालीचा कमी खर्च आणि धुराचे प्रमाण हे सारे प्रत्येकासमोर कागदावर मांडले. आकडे सगळ्यांना पटतात, पण अखेरीस "बघू" असे उत्तर मिळते आणि एकही गाडी बदलली जात नाही. आमच्या मांडणीत काय कमी पडते आहे? पुढची भेट गुरुवारी आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

जुना_मिस्त्री :
गाड्या कोणत्या आहेत, रोज किती किलोमीटर धावतात आणि रात्री कुठे उभ्या असतात, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

वाटचाल :
छोट्या डिलिव्हरी व्हॅन आहेत आणि त्या रोज साधारण शंभर किलोमीटर धावतात. परंतु माझा प्रश्न गाड्यांविषयी नसून मालकांना पटवण्याविषयी आहे.

जुना_मिस्त्री :
गाडी बाजूला ठेवून मालकाला पटवता येत नाही. मी ज्यांच्या गाड्यांची देखभाल करतो, त्यांनी एकच विजेवरची व्हॅन आठवडाभर नेहमीच्या फेरीवर चालवून पाहिली. पहिल्या दिवशी चालकाने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर प्रत्येक थांब्यापुढे बॅटरीची टक्केवारी लिहून आणली होती आणि शेवटच्या काही थांब्यांचे आकडे त्याने दोनदा गिरवले होते, इतकी त्याला वाटेत अडकण्याची धास्ती होती. परतल्यावर ३८ टक्के शिल्लक होते. चौथ्या दिवसापासून त्याने लिहिणेच सोडले. मालकाने तो पुठ्ठा ठेवून घेतला आणि नंतर दोन गाड्या घेतल्या. तुमच्या कागदांपेक्षा असा एक आठवडा अधिक उपयोगी पडेल.

भारनियोजक :
चाचणी आवश्यक आहे, पण एका व्हॅनचे चार्जिंग बहुधा आहे त्या वीजजोडणीवर भागते आणि खरी अडचण दहाव्या व्हॅनला येते. अशी व्हॅन शंभर किलोमीटरला साधारण २५ युनिट वीज घेते, असे धरू. दहा गाड्यांना २५० युनिट लागतील. सर्व चालकांनी संध्याकाळी परतताच ७ किलोवॅटचे चार्जर एकदम सुरू केले, तर ७० किलोवॅटचा भार येतो. तेच चार्जिंग रात्रीच्या आठ तासांत विभागले, तर चार्जिंगमधील तूट धरूनही ३५ किलोवॅटच्या आसपास भागते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे मालक नव्या ट्रान्सफॉर्मरच्या खर्चाला घाबरतो. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने एका वेळी जास्तीत जास्त वापरायला दिलेली वीज, किती आहे, हे गुरुवारी सर्वांत आधी विचारावे.

रसायनप्रेमी :
बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिचे वजन काहीसे जास्त असते, पण ती अधिक चार्जिंग-चक्रे (भरणे आणि रिकामी होणे) टिकते आणि रोज पूर्ण भरली तरी फारसे बिघडत नाही.

वाटचाल :
माहितीबद्दल आभारी आहे, पण गाडी घ्यायचीच की नाही यावर अजून गाडे अडले आहे. कोणती बॅटरी, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

तळटीप :
वीज कोळशापासून तयार होत असेल, तर धूर केवळ जागा बदलतो, हेही मालकांना सांगावे.

भारनियोजक :
हे अर्धेच खरे आहे. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोहोचवते. कोळशाचा वाटा मोठा असेल तिथे फायदा घटतो, हे मान्य आहे. परंतु माल चढवताना गाडीमागे उभ्या असलेल्या हमालांच्या नाकात जाणारा धूर त्याच दिवशी थांबतो, आणि माझ्या दृष्टीने ते लहान कारण नाही.

धोरणवाचक :
मालकांपुढे चीनमधील शेन्झेन शहराचे उदाहरण ठेवावे. तिथे २०१७ च्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक शहर-बस विजेवर आल्या.

हिशेबनीस :
त्यामागे मोठे सरकारी अनुदान होते, मार्ग ठरलेले होते आणि बस मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात होत्या. पाच खासगी व्यावसायिकांना ते उदाहरण कितपत लागू पडेल, याविषयी मला शंका आहे. वाटचाल, मला एकच सांगावे : या व्हॅन कोणाच्या नावावर आहेत?

वाटचाल :
पाचपैकी तिघांकडे कंत्राटी गाड्या आहेत. गाडी चालकाची असते आणि त्याला किलोमीटरप्रमाणे दर मिळतो. सगळीकडे असेच चालते, म्हणून ते लिहिले नव्हते.

हिशेबनीस :
घोडे नेमके इथेच अडले आहे. कर्ज चालकाच्या माथ्यावर, डिझेलचा खर्च त्याच्या खिशातून, आणि बचतीचा कागद मात्र आपण कंपनीच्या मालकाला दाखवत आहात. त्याचा त्यात काहीच लाभ नसल्यामुळे तो "बघू" म्हणतो. चालकाला बचत दिसते, पण त्याचे कंत्राट वर्षाचे आणि हप्ते पाच वर्षांचे असतील, तर त्याने कोणाच्या भरवशावर कर्ज काढावे? म्हणून कंपनीकडे गाडी घेण्याचा आग्रह न धरता तीन गोष्टी मागाव्यात : कर्ज फिटेपर्यंतचे कंत्राट, गाडी विजेवर आली म्हणून दर कापणार नाही अशी लेखी हमी, आणि माल चढवण्याच्या जागी चार्जर. क्लायमेट ग्रुप या आंतरराष्ट्रीय संस्थेने कंपन्यांना विजेवरच्या वाहनांकडे वळवण्यासाठी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'ईव्ही१००' या उपक्रमातही कंपन्यांनी सेवा-कंत्राटांत विजेवरच्या वाहनांची अट घालावी, हा एक मार्ग आहे.

जुना_मिस्त्री :
चाचणीचा माझा आग्रह कायम आहे, मात्र मग ती चालकाच्या हाती द्यावी लागेल. आणि दर कापणार नाही, असे लेखी देणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही.

हिशेबनीस :
पहिली दोन वर्षे दर कायम ठेवून नंतर बचतीची वाटणी करावी, असे सुचवून पाहावे. त्यामुळे मालकालाही काही मिळते आणि बोलणे पुढे सरकते.

वाटचाल :
आठ महिने मी चुकीच्या माणसाला योग्य आकडे दाखवत होते, हे आता लक्षात येते आहे. गुरुवारच्या भेटीआधी उद्या पहाटे माल चढतो तिथे जाऊन चालकांशी बोलेन. गाड्या तिथे सुमारे दोन तास उभ्या असतात. तेवढ्या वेळात चार्जिंग पुरेल का?

भारनियोजक :
७ किलोवॅटच्या चार्जरवर दोन तासांत साधारण १३ युनिट, म्हणजे पन्नासेक किलोमीटरपुरती वीज मिळेल. उरलेली रात्री भरावी लागेल, तेव्हा प्रत्येकाला रात्री गाडी कुठे लावतो आणि तिथे वीज कोणाच्या नावावर आहे, हे विचारून इथे लिहावे. त्यानंतर आपण भाराचा हिशेब मांडू.