आठवीच्या नव्या वर्गात पहिल्या आठवड्यात परिचयाचे कोणते खेळ घ्यावेत?

प्रश्न : मराठीची शिक्षिका, मराठवाडा

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि यंदा माझ्याकडे आठवीच्या एका तुकडीचे वर्गशिक्षकपद आहे. आमच्या भागातील जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे पाच गावांची आणि दोन तांड्यांवरची मिळून ५४ मुले इथे प्रथमच एकत्र आली आहेत. सात वर्षे एका अंगणात शिकलेली मुले आपल्या गावाची रांग सोडत नाहीत, घरी बंजारा बोलणारी मुले मराठीत उत्तर देण्याआधी इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहतात, आणि काही मुलींची हजेरी मला दोनदा घ्यावी लागते, इतका त्यांचा आवाज खाली असतो.

गेल्या वर्षी मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला फळ्याजवळ बोलावून नाव, आडनाव, वडिलांचा व्यवसाय आणि सुट्टीत काय केले, हे सांगायला लावले होते. एक मुलगा वडिलांच्या व्यवसायापाशी थांबला, मान खाली घालून उभा राहिला, आणि पुढे दिवाळीपर्यंत त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही. ती चूक माझी होती आणि यंदा ती मला टाळायची आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेत, बाक हलवता येत नाहीत अशा खोलीत, मुलांची भीड मोडण्यासाठी आपण काय करता?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

मॅडम, प्रथम आडनावाविषयी लिहितो. आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणेच असते, आणि तेराव्या वर्षी मुलांना हे पुरते कळलेले असते. त्यामुळे पहिला आठवडाभर वर्गात फक्त स्वतःचे नाव चालेल, असा नियम मी करीत असे. आडनाव हजेरीपटावर असतेच.

खेळ मुलांच्या ओळखीचाच घ्यावा. नवा खेळ समजावण्यात दहा मिनिटे जातात आणि ज्याला नियम कळत नाहीत, तो आणखी संकोचतो. ‘नाव, गाव, फळ, फूल’ पाच-पाच जणांच्या गटात घ्या. प्रत्येक गटात निरनिराळ्या गावांची मुले असावीत आणि ‘गाव’ या रकान्यात आपल्याच तालुक्यातील गाव, वाडी किंवा तांडा लिहावा, एवढा एकच बदल करा. माझ्या वर्गात रानातल्या वेलींची आणि फुलांची नावे वस्तीवरच्या मुलांनाच अधिक ठाऊक असत. गटाला गुण मिळवायचे असत, म्हणून इतर मुले आपण होऊन त्यांना विचारू लागत. कोणाला पुढे या, बोला, असे सांगण्याची वेळच येत नसे. मैदान कोरडे असेल तर ‘मामाचे पत्र हरवले’ घ्या आणि त्यात आपण स्वतःही धावा.

उत्तर २ : वर्गशिक्षिका, बीड जिल्हा

सरांचे आडनावाविषयीचे म्हणणे मला मनापासून पटते. धावण्याच्या खेळाबाबत मात्र माझा अनुभव वेगळा आहे. आठवीतल्या अनेक मुली अनोळखी मुलांसमोर धावायला तयार नसतात, त्यांना आग्रह केला की त्या पोटात दुखते असे सांगून बसून राहतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यावर ‘भाग न घेणारी’ असा शिक्का बसतो. नावांची साखळी करण्याचा खेळही जपून घ्यावा. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला स्वतःचे नाव उच्चारणेच बहुधा सर्वांत अवघड जाते, आणि साखळीत आपली पाळी जवळ येताना पाहणे ही त्याच्यासाठी शिक्षा होते.

मी जोडीपासून सुरुवात करते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘आधी विचार करा, मग जोडीदाराला सांगा, मग वर्गाला सांगा’ ही रीत बाक न हलवताही जमते. विषय घरचा नसावा. शाळेच्या वाटेवर दिसणारे एक झाड, नीट करता येणारे एक काम, असे विषय पुरतात. त्यानंतर वर्गासमोर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराविषयी एकच वाक्य सांगायचे, आणि तेही जोडीदाराची हरकत नसेल तर. स्वतःविषयी बोलण्यापेक्षा दुसऱ्याविषयी चांगले बोलणे मुलांना पुष्कळ सोपे जाते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेली मुले हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर वर्गाच्या जोड्या, गट, थट्टा सगळे ठरून गेलेले असते, आणि जूनमध्ये मोडलेली भीड त्या मुलांपुरती पुन्हा तयार झालेली असते. म्हणून मी ती परतल्यावर त्याच आठवड्यात जोड्या बदलते आणि सगळ्या वर्गासाठी हा उपक्रम नव्याने घेते. केवळ परतलेल्यांसाठी तो घेतला तर सर्वांचे डोळे त्यांच्यावरच खिळतात.

उत्तर ३ : गणित शिक्षक, नाशिक

दोन्ही उत्तरांतून शिकण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यानंतर वर्ग पुन्हा गावागावांत विभागला जातो, तेव्हा अभ्यासच अशा रीतीने द्यावा की एकमेकांशिवाय तो पूर्ण होणार नाही, असे मला वाटते. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक वंशाची) मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि तणाव वाढला. त्या वेळी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. संपूर्ण धडा समजण्यासाठी प्रत्येकाचे बोलणे ऐकावेच लागे, त्यामुळे अडखळत बोलणाऱ्याला हसणे कोणालाच परवडत नसे. आपल्या मराठीच्या एखाद्या पाठाचे असे पाच भाग सहज होतील.

मी स्वतः आठवीच्या सांख्यिकीसाठी घरापासून शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे गटागटाने गोळा करून त्यांचा मध्य काढायला लावतो. मिनिटे किती एवढेच विचारतो, वाहन कोणते हे विचारत नाही, कारण त्यातून घरची परिस्थिती उघडी पडते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल ‘नाव, गाव, फळ, फूल’ घेतले. गट करताना गावांच्या रांगा मोडाव्या लागल्या आणि पहिली पाच मिनिटे कोणीच बोलेना. ‘प’ अक्षर आले तेव्हा फुलाच्या रकान्यात एका गटात कोणाला काही सुचत नव्हते, आणि तांड्यावरच्या एका मुलीने हळूच ‘पळस’ सांगितले. गटाला गुण मिळाले, तेव्हा शेजारच्या मुलीने तिला नाव विचारले. आज हजेरी घेताना तिचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. सोमवारी जोड्यांचा उपक्रम घेणार आहे. बीडच्या ताई, जोड्या किती दिवसांनी बदलाव्यात, हे कृपया कळवावे.