अनुभव धागा: आमचं ठेसन, आमचं फाटक

कसाऱ्याला गाडी थांबली की घाट चढायला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात हे आपल्याला पाठ असतं. परवा डब्यातल्या एका पोराने आईला विचारलं, "मागून कोण ढकलतंय?" थळ (कसारा) घाटाचा १:३७ चा चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, १८६५ पासून गाड्या तो चढताहेत, पण नीट सांगणारं कोणी नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या ठेसनांचं, फाटकांचं पाहिलेलं-ऐकलेलं लिहा.

इगतपुरीकर
आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन. रात्री-बेरात्री ड्युटीवर बोलवायला रेल्वेचा कॉलमन कडी वाजवायचा, आजोबा वहीत सही करायचे आणि आजी झोपेतच भाकऱ्यांचं पीठ काढायची. माझ्या लहानपणी मुंबईकडून इगतपुरीपर्यंत तारांत १५०० व्होल्ट डीसी वीज आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी, दोन्हींची इंजिनं वेगळी, त्यामुळे इंजिन बदलल्याशिवाय गाडी हलत नसे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा-वड्याची चंगळ! दोन्हींवर चालणारी इंजिनं आली, मग डीसीच गेली. गाड्यांचा वेळ वाचला, आमच्या शेजारच्या वडेवाल्या काकांनी मात्र टोपली गुंडाळून रिक्षा घेतली.

जुनं नाशिक
मुळात नाशिकला ठेसन नाही, नाशिकरोडला आहे! मेन रोडपासून तिथवर १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती. पणजी सांगायची, चार घोडे दोन डबे ओढायचे. १९३०च्या दशकात ती बंद पडली. आज सिटी बसमध्ये उभं राहून जाताना मला ते घोडे आठवतात.

कांदेवाला
आमच्या गावचं फाटक निफाड-लासलगावच्या मधलं. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन निघालं की ते हमखास बंद. आधी मालगाडी, तिच्यामागे एक्सप्रेस. एकदा असे अडकलो की लासलगावला पोचेस्तोवर लिलाव संपलेला, ट्रॉली रात्रभर तिथेच, वडील ट्रॉलीखाली झोपले. गेटमनवर राग धरून उपयोग नव्हता, उन्हात तोच प्यायला पाणी द्यायचा. आता तिथे भुयारी रस्ता झालाय. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, म्हणजे अडकायचं ते अडकतोच.

मनमाड
मामाकडे औरंगाबादला जायचं तर मनमाडला उतरून मीटरगेजची (अरुंद रुळांची) छोटी गाडी. सामान डोक्यावर, पूल चढा, पूल उतरा. आईचं लोणच्याचं बरणीकांड तिथलंच, पुन्हा कधीतरी.

गाववाला
इगतपुरीकर, कॉलमनचं वाचून हसलो. ते माझे वडील असतील, नाहीतर त्यांचे जोडीदार. कोणत्या दारात कुत्रं आहे आणि कोणता ड्रायव्हर तिसऱ्या हाकेशिवाय उठत नाही, सगळं तोंडपाठ. तुमचे आजोबा कितव्या हाकेला उठायचे?