सोलापूर : कसब्यातून किल्ल्यापर्यंत पायी वारसा फेरी, 25 जणांसाठी मार्ग कसा आखावा?

चाटीगल्ली
डिसेंबरातल्या एका रविवारी पुण्या-मुंबईच्या 25 पाहुण्यांना जुनं सोलापूर पायी दाखवायचं आहे. वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. हाताशी सकाळचे तीन तास. यादी अशी : भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, हिरेहब्बू वाडा, आजोबा गणपती, चार पुतळे, इंद्रभुवन, डॉ. कोटणीस स्मारक आणि एखादा चादरीचा कारखाना. बसेल का एवढं? सुरुवात कुठून करावी?

बाळीवेसकर
नाही बसणार. कोटणीस स्मारक भैय्या चौकात, कारखाने पूर्व भागात. ही दोन्ही काढा, नाहीतर अर्धा वेळ रिक्षा गोळा करण्यातच जाईल.

मार्ग नव्याने शोधू नका, काठ्यांचा म्हणजे यात्रेतल्या उंच नंदीध्वजांचा मार्ग आहेच. उत्तर कसब्यातला यात्रेच्या मानकऱ्यांचा हिरेहब्बू वाडा, मग दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंच कट्टा आणि सिद्धेश्वर मंदिर. सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज याच वाटेने मंदिराकडे जातात, त्यामुळे सांगायची गोष्ट आपोआप एका धाग्यात येते. अंतर फार नाही, पण थांबत-बोलत गेलात तर दोन तास धरा. शेवटचा तास किल्ल्याला.

सातच्या ठोक्याला वाड्यापाशी जमा. दुकानं उघडायच्या आत माणिक चौक ओलांडला पाहिजे. एकदा शटर वर गेली आणि मालाचे टेम्पो लागले की 25 माणसं एका जागी उभी राहूच शकत नाहीत. वाडा हे राहतं घर आहे, आठवडाभर आधी विचारून ठेवा. आत जायला जमलं नाही तरी दाराबाहेर थांबून सांगता येतं.

पाहुण्यांचा एक घोळ नेहमी होतो. डिसेंबरात रस्त्यावर काठ्या दिसणार नाहीत आणि नुसत्या शब्दांनी त्यांची उंची डोळ्यासमोर येत नाही. नंदीध्वजाचा आणि बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेल्या भक्तांचा एकेक मोठा फोटो छापून न्या. मोबाइलवरचा फोटो मागच्या रांगेला दिसत नाही.

यात्रेचा क्रम नीट सांगा : 13 जानेवारीला अष्टषष्टी म्हणजे 68 लिंगांना तैलाभिषेक, 14 ला संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम मैदानावर होमप्रदीपन आणि पुढे शोभेचं दारूकाम. अक्षता म्हणजे कुंभारकन्येचा सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी लागलेला विवाह. ‘देवाचं लग्न’ एवढं म्हणून पुढे सरकू नका. योगदंड का, हेच तर त्यातलं मर्म आहे : लग्नाची गळ घालणाऱ्या मुलीला योग्याने स्वतःऐवजी आपल्या दंडाशी विवाहाची संमती दिली, म्हणून ‘संमती’ कट्टा.

तटबंदी
वरच्या मार्गाला पूर्ण सहमती. किल्ला शेवटीच ठेवा. आधी ठेवला तर लोक बागेत रमतात आणि पेठा राहून जातात.

किल्ल्यात तीनच गोष्टी दाखवा. पहिली, दुहेरी तट आणि खंदक. डोंगर नाही, उतार नाही, म्हणून संरक्षण सगळं पाण्यावर आणि भिंतींच्या थरांवर, एवढं कळलं की ‘भुईकोट’ शब्द कळला. दुसरी, आतल्या जुन्या देवळाचे उकरून काढलेले अवशेष. तट बहमनी काळातला, देऊळ त्याच्याही आधीचं. तिसरी, बत्तीस खांबी. खांब कुठून आले असतील यावर पाहुणे आपसात वाद घालतात, घालू द्या.

इतिहास सांगताना हुंड्याची गोष्ट अर्धी सांगितली जाते. आदिलशाहीतली मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर कबूल केलं गेलं, पण दिलं नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत पिढीभर लढाया झाल्या. पुढे निजामशाहीतली चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने हुंड्यात आला. दोन्ही लग्नं सांगा, तरच गंमत.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नसते. ट्रायपॉडला आधी परवानगी लागते आणि ड्रोनचा विचारच सोडा. तटावर कुठे चढू देतात ते रखवालदाराला विचारून घ्या आणि फाटकाची वेळ आदल्या दिवशी जाऊन बघा.

आणि हो, ‘सोळा गावांचं सोलापूर’ ही लोकव्युत्पत्ती आहे. शिलालेखांत आणि वचनांत सोन्नलगी, सोन्नलिगे असं नाव येतं. सिद्धरामेश्वर 12 व्या शतकातले कन्नड वचनकार, बसवेश्वरांचे समकालीन. एखादं वचन कन्नडमधूनच म्हणून दाखवणारा माणूस बरोबर असेल तर फेरीचा रंग बदलतो.

माणिकचौक
25 लोक एका वाटाड्यामागे नकोत. 12-13 चे दोन गट करा, दुसरा गट वीस मिनिटांनी सोडा. एकच वाटाड्या असेल तर शेवटी चालणारा एक माणूस नेमा; तो मागे असल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही. नाहीतर पुढचे ऐकतात आणि मागचे ‘काय म्हणाले?’ विचारत बसतात.

थांबा निवडताना ऊन बघा. बोलणाऱ्याने उन्हाकडे तोंड करावं, ऐकणाऱ्यांची पाठ उन्हाला. गल्लीत सगळ्यांना एकाच भिंतीला लावा, दुचाकीला वाट ठेवा. रविवारी सकाळी सातला कर्णा लावून पेठ जागवू नका. खणखणीत आवाजाचा वाटाड्या घ्या.

पेठेत स्वच्छतागृहाची खात्री नाही. निघण्याआधी उरकायला सांगा, मधली सोय मंदिराच्या आवारात. सत्तरीच्या मंडळींसाठी विजापूर वेशीपासून रिक्षा ठरवून ठेवा.

आजोबा गणपती माणिक चौकालगतच आहे, 1885 पासूनचा. टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्याही आधीचा म्हणून सोलापूरकर अभिमानाने सांगतात. पाच मिनिटं पुरेत.

चाटीगल्ली
आभार. मग चार पुतळे आणि इंद्रभुवन? आणि चादरीशिवाय सोलापूर कसं दाखवायचं?

तटबंदी
चार पुतळे म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे पुतळे, किल्ल्याजवळच आहेत, शेवट तिथे करा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चारही नावं घ्या. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला, फाशी 12 जानेवारी 1931 ला. ती सोलापुरात नव्हे, येरवड्याच्या तुरुंगात झाली. हे चुकीचं सांगितलेलं बऱ्याचदा ऐकू येतं. इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं, आता महापालिकेचं. रविवारी कार्यालय बंद, बाहेरूनच बघा.

पूर्वभाग
कारखाना वेगळ्या दिवशी, कामाच्या वेळेत. यंत्रमाग चालू असताना आत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जॅकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) भोकांचे पुठ्ठे ताण्याचे (उभे) धागे कसे उचलतात ते दारातच समजावून मग आत जा. ओढणी, उपरणं, मोकळे केस आवरून घ्या. आठजणांपेक्षा जास्त एका वेळी नकोत, मागांमधली वाट अरुंद असते. चादर उलटून दाखवा : तीच नक्षी मागे उलट्या रंगात येते, छापलेल्या नकली चादरीत ती येत नाही.

नाश्त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणी उखळात कुटलेलीच मागवा. कुटताना दाण्याला तेल सुटतं, मिक्सरची नुसती पूड होते.