६३९ वर्षांची मैफल: संगीत की जत्रा?

खर्जातला
जर्मनीत हार्ट्झ डोंगरांच्या पायथ्याशी हाल्बरश्टाट नावाचं गाव आहे. तिथल्या बुर्खार्डी चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजची एक रचना ऑर्गनवर (भात्याच्या हवेने नळ्या वाजतात ते वाद्य) वाजते आहे. ५ सप्टेंबर २००१ला सुरू झाली, संपेल २६४०मध्ये. टायपो नाही! केजची सूचना एवढीच, 'जमेल तितकं संथ'. आरंभालाच विराम असल्यामुळे पहिले १७ महिने नुसता भाता चालू होता. पहिला सूर लागला फेब्रुवारी २००३मध्ये.

नोकरीसाठी लाइपझिगला असतो. आई आली होती, तिला घेऊन एका शनिवारी गेलो. रिकामं, थंडगार दगडी चर्च (पूर्व जर्मनीच्या काळात इथे डुकरं पाळायचे). लाकडी सांगाड्यात मोजक्या नळ्या, सूर दाबून ठेवायला वाळूच्या पिशव्या. वाजवणारा कोणी नाही. पहिली पाच मिनिटं जुना फ्रीज घुमतोय असं वाटलं. मग फिरायला लागलो, तर दर चार पावलांवर आवाज वेगळा! खांबापाशी खालचा सूर भरून यायचा, भिंतीशी गेलं की तो गायब आणि वरचा टोचायचा. बाहेर पडल्यावर लांबच्या सायकलची साखळीसुद्धा ऐकू येत होती.

सूर बदलतो त्या दिवशी मात्र तिथे झुंबड उडते. ५ फेब्रुवारी २०२४ला एक नळी वाढली, तर जगभर बातम्या. माझ्या मते ती जत्रा; संगीत त्या रिकाम्या शनिवारी होतं.

पेटीवाला
खर्जातले, वर्णन झकास, पण पटलं नाही. आमच्या पेटीची पट्टी अडकली की असाच आवाज येतो. आम्ही दुरुस्त करतो, बातमी देत नाही. गवई अमीर खाँसाहेबांचा झूमरा ताल कितीही अतिविलंबित असो, सम येते, आपसूक मान हलते. इथे दाद द्यायला कोणाला पाठवू? पणतूच्या खापरपणतूला?

कोमलनिषाद
'तिकडचं खूळ' म्हणून झटकून टाकू नका. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये केज आपल्या गीता साराभाईंकडून हिंदुस्थानी संगीत समजून घेत होता. बदल्यात तो त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचा. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन निवावं म्हणून. ते त्याला आयुष्यभर पुरलं. आणि खरं सांगू? तानपुरे जुळल्यावर गवई तोंड उघडतो त्याआधीचं एक मिनिट मला कधीकधी पुढच्या तासापेक्षा आवडतं. गुरुजी हे वाचत नसावेत.

पेटीवाला
तानपुरा म्हणजे जाजम हो! तुमच्या चर्चमध्ये जाजम अंथरलंय आणि गवई आलाच नाही. शिवाय तानपुऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवायला माणूस लागतो, तार दरवेळी नव्याने छेडावी लागते. वाळूच्या पिशवीला कसला कान?

तिरकस
दोघेही केजवर भांडताय, पण केज १९९२मध्येच गेला. ६३९ हा आकडा त्याचा नाहीच. त्या गावात १३६१ साली एक मोठा ऑर्गन बसवला होता. २०००मधून १३६१ वजा केले, झालं. १९८७मध्ये ऑर्गनवादक गेर्ड त्साखरने हीच रचना पहिल्यांदा वाजवली तेव्हा २९ मिनिटांत आटोपली होती. मग ही मैफल केजची की वजाबाकी करणाऱ्यांची? आणि भिंतीवर एकेका वर्षाच्या देणगीदारांच्या पाट्या आहेत, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असतात तशा. त्या दिसल्या नाहीत वाटतं?

कोमलनिषाद
आपल्या महोत्सवांत स्टेजच्या मागे ज्वेलर्सचं नाव गवयापेक्षा मोठं असतं, तेव्हा कोणी विचारत नाही हे संगीत का म्हणून. आणि लय गाणाऱ्याने ठरवायची, हे तर आपल्याला नवीन नसावं.

तिरकस
गाणाऱ्याने. समितीने नव्हे.

खर्जातला
पाट्या दिसल्या, लिहायच्या राहिल्या. वजाबाकीचा मुद्दा मान्य, मलाही तो जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. पण पेटीवाले, जाजमाबद्दल एक सांगायचं राहिलं. मी खांब मोजत फिरत होतो तेव्हा आई एका जागी डोळे मिटून उभी होती. "यातला एक सूर माझा सा धरला तर चालतंय रे," म्हणाली आणि हळूच गुणगुणायला लागली. चांगली दहा मिनिटं. कोणी अडवलं नाही.

पेटीवाला
कोणता राग?

खर्जातला
भीमपलास. दोन सूर भांडत होते म्हणे, पण चालवून घेतलं.

पेटीवाला
आईंना नमस्कार सांगा. वाळूच्या पिशवीबद्दल मत बदललेलं नाही.